गोदाकाकूंनी थांबवलेलं चित्र

मित्रांनो, मी एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे. टीव्हीखाली बसतो आणि सांगितलेले कार्यक्रम पोटात साठवून ठेवतो. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे हजारो होते. मी डोंबिवलीत, मानपाड्याला चांगदेवकाकांच्या घरी आलो.

नऊ वर्षं मी चोख काम केलं. गोदाकाकूंना रहस्यमालिकांचं वेड. काकांची सेकंड शिफ्ट असली की त्या भाग साठवायच्या आणि सुट्टीला दोघं भांडत बघायचे.

"खुनी तो डॉक्टरच," काका म्हणायचे.

"तुमचा संशय आधी डॉक्टरवर. सुई टोचतो ना!" काकू हसायच्या. "आपला बॉक्स बघा, एक भाग चुकवत नाही."

शेवटची मालिका मालती नावाच्या बाईची होती. तिचा नवरा दहा वर्षांपूर्वी हरवलेला आणि एक खुनी तिच्या मागावर. शेवटच्या भागात दार वाजतं, मालती कडी काढते आणि पडदा काळा होतो. दारात नवरा की खुनी, कोणी सांगत नाही.

काकूंनी तो भाग दुपारी एकटीने बघितला. मागे नेऊन पुन्हा लावला आणि मध्येच थांबवला. काका आल्यावर म्हणाल्या, "अहो, दारात कोण ते मला कळलं. तुम्ही बघा आधी, मग बोलू."

चार दिवसांनी त्यांना दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

काकांनी तो भाग मुलीच्या मोबाइलवर कितीदा तरी बघितला. माझ्यातला मात्र लावला नाही. काकूंनी जिथे थांबवला, ती जागा मी धरून ठेवली होती. एकदा लावला की ती खूण पुसणार. पण मी म्हातारा झालो होतो. आतून कुरकुर यायची. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की काका माझ्यासमोर बसून राहत, माझा दिवा लागेपर्यंत पाणीही पीत नसत. मलाही धास्ती वाटे. पुन्हा जागा झालोच नाही तर?

परवा मी तिसऱ्या खेपेला कसाबसा सुरू झालो. मुलगी ऋतिका आलेली होती.

"बाबा, हा गेला ना, तर आईची खूणपण गेली. दाबा आता."

"आणि काहीच नाही निघालं तर?"

"मी आहे ना. दाबा."

काकांनी रिमोटचं बटण दाबलं. मी सगळा जीव एकवटून चित्र दाखवलं. मालती ताटं मांडत होती. दोन.

"दोन ताटं," काका म्हणाले. "म्हणजे ती वाट बघत होती. नवराच आला गं. गोदाला तेच कळलं." आणि कित्येक महिन्यांनी ते मोकळे रडले.

मित्रांनो, काकूंनी तिथे थांबवलं कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. दारात कोण, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मला तोंड नाही, हे त्या दिवशी बरं वाटलं. तुम्हाला आहे. शेजारी बसलेल्या माणसाला मनातलं आजच सांगा, त्याचंही विचारून घ्या. आम्ही चित्रं साठवतो. माणसाचं म्हणणं आम्हाला साठवता येत नाही.