बैलाचीसुद्धा माफी

अकिलाने दाभण गादीत असं काही खुपसलं, की बघणाऱ्याला वाटावं आत कापूस नाही, नवरा आहे.

वाटू दे. वाटायलाच हवं.

शहाद्याच्या पिंजारी गल्लीत ते दिवस नुसत्या रडारडीचे चालले होते. अकिलाचा नवरा दाऊद पिंजारी आफ्रिकेला निघाला होता, मोंबासाला. खापर गावाकडच्या कुणा शेठचं तिथे गाद्यांचं दुकान होतं आणि शेठला हाताचा चांगला पिंजारी हवा होता. आता लांबच्या वाटेला निघणाऱ्याने दारोदार जायचं, 'कहासुना माफ करा' म्हणायचं, म्हणजे काही बोललो असेन, काही दुखवलं असेन ते पोटात घाला. आणि समोरच्याने 'माफ' म्हणायचं, हा त्यांच्यातला रिवाज. मध्ये समुद्र आहे, बोट आहे, कुठे काय होईल कुणी सांगावं? माणसाने मोकळं होऊन निघावं. रिवाजात खोट नाही. पण दाऊदने त्याचा जो तमाशा मांडला होता, तो बघून कोणत्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकाला गेली नसती?

खाटकाच्या गळ्यात पडून रडला. न्हाव्याचे हात धरले. लोणखेड्याला पायी जाऊन आला, का, तर तिथल्या पाटलाच्या रजया एका थंडीत उशिरा दिल्या होत्या. पाटलाला आठवतही नव्हतं! तरी याने आठवण करून दिली, वर माफी घेतली, आणि चहा पिऊन आला.

आणि घरी? घरी यायचा, जेवायचा, ढेकर द्यायचा आणि म्हणायचा, "गादी झाली का? अरुंद कर बरं का. बोटीवर एका माणसापुरतीच जागा असते."

एका माणसापुरती! अकिलाचं दाभण आणखी जोरात जायचं, एवढंच.

तिला कुणी रागीट म्हणेल. म्हणू दे. तिचा बाप अनीस असाच गेला होता, रंगूनला. ती तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची होती, पण सगळं लख्ख आठवत होतं. बापाने गावभर माफी मागितली, शेवटी दारात येऊन तिच्या अम्मीला विचारलं, आणि अम्मी बिचारी रडत रडत म्हणाली, "सगळं माफ. जन्माचं माफ." झालं. बाप मोकळा होऊन गेला तो गेलाच. रंगूनला त्याने दुसरा संसार थाटला, आणि अम्मी डोळे मिटेपर्यंत दाराकडे तोंड करून बसली.

म्हणून लग्न होऊन शहाद्याला आली तेव्हा अकिलाने दागिना मागितला नाही, की साडी मागितली नाही. एकच मागितलं. "पाणी ओलांडून जायची वेळ आली, तर आधी मला विचारा. मी नाही म्हटलं तर जायचं नाही." दाऊद हो म्हणाला होता. सासू नजमुन्निसा तिथेच तांदूळ निवडत बसली होती, तिच्या देखत हो म्हणाला होता.

आणि ही आफ्रिकेची बातमी अकिलाला कुठे कळली? विहिरीवर! शेजारची तुळशीबाई दोर ओढता ओढता म्हणाली, "काय वं अकिला, तुन्हा धनी आफ्रिकाले चालना, आन तू माले सांगं बी नही?"

दुसरी असती तर तिच्या हातून घागर सुटली असती. अकिलाने ती आणखी घट्ट धरली आणि तोंडातून खोटं काढलं, "सांगणारच होते."

त्या संध्याकाळी घरात भांडी वाजली. "मला का नाही विचारलं?" तिने दाऊदला तोंडावर विचारलं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच तर विचारायचं होतं!"

यावर त्या शहाण्याने काय करावं? कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा म्हणून तो विषय घरात निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून याची माफीची फेरी सुरू.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तुळशीबाई पदर तोंडात कोंबून हसत आली. "अकिला, ऐकं का वं? तुन्हा धनीनी नथ्थूना बैलनी बी माफी मांगी!"

"बैलाची?"

गोष्ट खरी होती. गाडीवाल्या नथ्थूच्या बैलाने एकदा दारातल्या कापसात तोंड घातलं होतं, तेव्हा दाऊदने पिंजणाची लाकडी मूठ त्याच्या नाकाडावर हाणली होती. आज भर चौकात त्या बैलाचे दोन्ही कान धरून तो म्हणाला, भाई, कहासुना माफ कर. सारा बाजार बघायला लोटला होता.

"मंग? बैलनी माफ करं का?" अकिलाने विचारलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"मान हालाई दिधी ना तेनी!" तुळशीबाई हसता हसता खालीच बसली. मग तिचं लक्ष अकिलाच्या हाताकडे गेलं. दाभण अंगठ्यात घुसलं होतं, खोळीवर रक्ताचा डाग पडला होता, आणि ही बया टाके घालतच होती. तुळशीबाईचं हसणं जागच्या जागी थांबलं.

बैलाचीसुद्धा! कान धरून! आणि जिला शब्द देऊन मोडला, तिला गादी अरुंद कर म्हणून सांगतो!

सकाळी नथ्थूची गाडी दारात उभी राहिली. दोंडाईच्याहून आगगाडी, सुरतेवरून मुंबई, आणि पुढे बोट. जुवाला तोच कालचा, माफ करणारा बैल होता. सारी गल्ली जमली होती. दाऊदने नवी टोपी घातली होती आणि तो सगळ्यांना पुन्हा एकदा भेटत होता, जणू काल भेटलेले आज वेगळे झाले होते. शेवटी आईच्या पायाशी बसला. "अम्मा, कहासुना माफ."

नजमुन्निसाने त्याचं डोकं छातीशी धरलं. "माफ रे बाळा, पाजलेल्या दुधासकट माफ." मग तिने डोळे पुसले आणि आजूबाजूला बघितलं. म्हातारी होती, पण विसरलेली नव्हती. "दुल्हनला विचारलंस?"

दाऊद हसला. अल्ला जाणे कसा, पण हसला. "ती घरचीच आहे, अम्मा. तिला काय विचारायचं?"

मित्रही हसले. कुणीतरी म्हणालं, बायकोची माफी मागत बसलं तर बोट सुटायची.

अकिला आतून आली. खांद्यावर गादीची वळकटी होती. ती तिने गाडीपाशी आणून अशी आपटली, की दोन्ही बैल दचकले. दोरी सुटली आणि गादी उलगडली. चांगली रुंद, दोन माणसं ऐसपैस झोपतील अशी.

"ही एवढी?" दाऊद म्हणाला. "मी सांगितलं होतं ना, एका माणसाची?"

"एका माणसाची मला शिवता येत नाही. लग्न झालंय माझं."

आता कुणी हसेना. दाऊदची कानशिलं तापली. सगळ्यांसमोर वाद नको म्हणून तो घाईघाईने म्हणाला, "बरं बाई, तूही कहासुना माफ कर. झालं?"

"कशाबद्दल?"

"काय असेल ते."

"काय असेल ते नाही! बैलाला सांगितलंत ना, नाकावर मारलं म्हणून? पाटलाला सांगितलंत ना, रजया उशिरा दिल्या म्हणून? मग मला पण सांगा. नाव घेऊन सांगा, या सगळ्यांसमोर."

नथ्थू गाडीच्या धुरेवर बसून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. नजमुन्निसाने मुलाला सोडवलं नाही. "सांग," ती म्हणाली. "मी होते तेव्हा तिथे."

दाऊदने टोपी काढली, पुन्हा घातली. मग हळू आवाजात म्हणाला, "पाणी ओलांडायच्या आधी हिला विचारीन असा शब्द दिला होता. विचारलं नाही. नाही म्हणेल म्हणून भ्यायलो." तो कुणाच्या गळ्यात पडला नाही. या वेळी तो तमाशा नव्हता, हे अकिलालाही कळलं. "माफ कर, अकिला."

सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघू लागली. एक शब्द, आणि गाडी सुटणार होती.

"नाही," अकिला म्हणाली.

"दुल्हन!" नजमुन्निसा घाबरली. "समुद्रावर चाललाय तो. असं म्हणू नये."

"म्हणणार! माझ्या अम्मीने जन्माचं माफ करून टाकलं. मग अब्बा कशाला परत येतील? काय राहिलं होतं त्यांचं इथे?" तिचा आवाज चिरकला, पण ती मागे सरली नाही. "या गावाने तुम्हाला धुऊन काढलंय. बैलानेसुद्धा माफ केलंय. मी नाही करणार. हवी असेल माझी माफी तर ती इथे आहे, या दारात. घ्यायला परत या."

"आणि बोट बुडाली तर?" दाऊदही आता भडकला.

"बुडू नका!"

मित्रांनी गादी गुंडाळली, गाडीत टाकली. ती मावत नव्हती, म्हणून दाऊदला तिच्यावरच बसावं लागलं. चेहरा लाल झाला होता. नथ्थूने बैल हाकले.

गाडी गल्लीच्या वळणाला लागली, तसा दाऊद ताडकन उभा राहिला. गाडीचा दांडा धरून तो असा ओरडला, की पलीकडच्या आळीतल्या बायका बाहेर आल्या. "येईन! ऐकलंस का? येईन, आणि तुझ्या तोंडून घेतल्याशिवाय या गल्लीत पाण्याचा घोट घेणार नाही!"

इतक्या दारांत तो रडला होता, इतक्यांच्या गळ्यात पडला होता. पण येईन म्हणून कुणाला म्हणाला नव्हता. आईलासुद्धा नाही.

"ऐकलं!" अकिला तेवढ्याच जोरात ओरडली. "साऱ्या गल्लीने ऐकलं!"

गाडी वळली. अकिला आत गेली, उरलेल्या कापसाच्या ढिगात तिने तोंड खुपसलं आणि रागाने, नुसत्या रागाने, ढसाढसा रडली.