‘सर्व रहिवासी सुखरूप’

“यंत्राने लिहिलेली बातमी जशीच्या तशी वेबसाइटवर सोडू नकोस गं. एकदा तरी फोन लाव,” निवृत्त होताना जुन्या बातमीदाराने तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं होतं. “मामा, फोन लावत बसले तर बातमी शिळी होईल!”

आज लेक मांडीवर पेंगत होती आणि वृत्तपत्राच्या वेबसाइटची सकाळची पाळी ती घरूनच सांभाळत होती. एका कारखान्यात वायुगळती झाली होती. शेजारची गल्ली रिकामी करायला सांगितलं होतं. रहिवाशाने मोबाइलवर ‘सुखरूप’चं बटण दाबलं, की नकाशावरचा त्याचा लाल ठिपका हिरवा व्हायचा. बघता बघता सगळे हिरवे झाले आणि यंत्राने मथळा तयार ठेवला : ‘सर्व रहिवासी सुखरूप’.

तिचं बोट थबकलं. त्या गल्लीत एकटेच राहणारे चूकवाले आजोबा! रोज दहाच्या ठोक्याला घरच्या जुन्या फोनवरून पेपरातल्या चुका सांगणारे. मोबाइल त्यांनी कधी घेतलाच नव्हता. मग नकाशावर त्यांचा ठिपका येणार कुठून? आणि साडेदहा वाजून गेले होते.

तिने नंबर लावला. घंटा वाजत राहिली.

तेवढ्यात संपादकांचा फोन. “अगं, सोड ना बातमी! बाकीचे पुढे गेले.”

“जाऊ देत, सर. एक माणूस मोजायचा राहिलाय.”

“आणि तो नातेवाइकांकडे जाऊन बसला असेल तर?”

“तर तुमची बोलणी खाईन. पण आत्ता सोडणार नाही.”

बोलता बोलता तिचे हात चालूच होते. अग्निशमन दलाला पत्ता कळवला. वेबसाइटवर विचारलं, आजोबांना कुणी पाहिलंय? चार मिनिटांत शेजारणीचं उत्तर आलं : “दार वाजवलं होतं. उघडलं नाही. वाटलं, आधीच गेले असतील.” तेही तिने दलाला सांगितलं.

वीस मिनिटांनी जवानाचा फोन आला. “दाराजवळच पडले होते. आता शुद्धीवर आहेत. विचारतायत, बातमीत गल्लीचं नाव तरी बरोबर टाकलंय ना?”

डोळे पुसत ती खळखळून हसली. यंत्राचा मथळा पुसला आणि स्वतःची बातमी लिहिली. शेवटच्या ओळी अशा होत्या :

‘तुमच्या शेजारी कुणी एकटं राहतं का, मोबाइल नसलेलं? मग पुढचं वाचू नका. आधी त्यांचं दार वाजवा. उघडलं नाही, तर निघून येऊ नका.’