अदिबाची चानकी

अदिबाला चावायचा कंटाळा होता. जिभेवर ठेवलं की विरघळतं तेवढंच तिच्या लेखी खाणं. मसाल्याच्या फुगीर नळ्या, क्रीमची बिस्किटं, आंब्याचा रस म्हणून बाटलीत मिळतं ते गोड पिवळं पाणी. चपातीचा तुकडा भरवला तर ती तो गालात धरून ठेवायची आणि माझी पाठ वळली की दारातल्या कुंडीत टाकायची. तुळशीला मुंग्या लागल्या तेव्हा मला हे कळलं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एकलहऱ्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवते. अदिबा चार वर्षांची, वर्गातलं सगळ्यात शांत मूल. आधी मला वाटलं, गुणी आहे. मग लक्षात आलं की ती शांत नाही, दमलेली आहे. बाकीची पोरं अंगणात धावत असताना ती भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या झोपून जायची. तिच्या पापणीच्या आतली कडा कागदासारखी पांढरी दिसायची.

तिचा बाप शहजाद नाशिकरोडच्या एका एजन्सीची गाडी चालवतो. पार सुरगाण्यापर्यंतच्या दुकानांत तो नळ्या, चिप्स, बिस्किटं टाकून येतो. घाटातल्या रस्त्यावर काही पाकिटांची हवा जाते. अशी बसकी पाकिटं दुकानदार घेत नाहीत, मग ती ड्रायव्हरच्या घरी येतात. शहजादच्या घरी कपाटावर अशा पाकिटांची गोणीच असायची.

एक दिवस अदिबाला सोडायला आलेली तिची आई, शकीला, दारातच थांबली. "बाई, डॉक्टर बोलले, रक्त एकदम कमी आहे. औषध दिलंय, ते ती थुंकते. पुढच्या तपासणीपर्यंत वाढलं नाही तर ॲडमिट करून रक्त चढवायला लागेल."

"मग ती गोणी काढ ना घरातून."

"मी काढते हो. तिचे अब्बू दुसरी आणतात. मी लपवली तर सासूबाई शोधून देतात. सासूबाईंना समजावलं तर शेजारची खुशनुमा देते. ही रडली की अख्खी गल्ली दानशूर."

मी हसले. तीही हसली, पण डोळे पुसत.

पोरांना काही शिकवायचं तर ते त्यांच्या हातात द्यावं लागतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे. आमच्याकडे भाकऱ्या थापून झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची घरातल्या लहानग्यासाठी एक छोटी भाकरी करतात, तिला चानकी म्हणतात. मी ठरवलं की बालवाडीत प्रत्येकाने आपली चानकी आपण थापायची. मला स्वयंपाकात मदत करणाऱ्या मालनबाईंनी कपाळाला हात लावला. "बाई, ही पोरं पीठ डोक्याला फासतील."

"फासू देत."

फासलंच त्यांनी. पण भाकऱ्याही झाल्या, कुणाची चौकोनी, कुणाची भोकाची. अदिबा पहिले काही दिवस नुसती बघत बसली. मी रोज तिच्यासमोर पिठाचा गोळा ठेवायचा आणि उचलायचा, एवढंच करत राहिले. मग एका सकाळी तिने गोळ्यात बोट खुपसलं. दुसऱ्या दिवशी तळहाताने दाबला. त्यानंतर एकदा तिने खरीच थापली, आणि मालनबाईंनी ती तव्यावर टाकली तेव्हा अदिबा तव्यासमोरून हलायला तयार होईना.

"ही माझी आहे," ती मालनबाईंना म्हणाली.

"तुझीच गं बाई. मी कशाला खाऊ तुझी?"

मी चानकीवर तूप सोडलं, गुळाचा खडा दिला. अदिबाने कड मोडली, तोंडात घातली आणि चावली. खूप वेळ चावली. मी दुसऱ्या मुलाचं नाक पुसायचं नाटक करत होते. तिने निम्मी चानकी संपवली.

दुपारी शकीलाला सांगितलं तर तिने तिथेच नवऱ्याला फोन लावला. "अहो, ऐका ना, भाकरी खाल्ली तिने. खरंच. बाईंना विचारा." मी फोनवर सांगितलं, हो, खाल्ली. मला वाटलं, आता होईल सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी पोरं पिठाला बसणार तेवढ्यात दारात गाडी थांबली. शहजाद उतरला, अंगात धुतलेला पांढरा शर्ट, खांद्यावर मोठा खोका.

"सलाम बाई. एवढी खुशीची गोष्ट, पोरांचं तोंड गोड करायला नको का? आणि बसका माल नाहीये हा. पूर्ण हवेची पाकिटं आहेत, पैसे देऊन घेतलीत."

"शहजाद, अरे, हे कशाला आणलंस," मी म्हणाले. पण माझा आवाज खोका बघून उठलेल्या गलक्यात बुडाला.

तो वाटायला लागला असता तर मी त्याला बाजूला घेऊन थांबवलं असतं. पण त्याने खोका अदिबाच्या पुढ्यात ठेवला. "वाट बेटा, सगळ्यांना दे."

आणि अदिबा उठली. भिंतीला टेकून बसणारी ती पोर दोन्ही हातांत पाकिटं घेऊन वर्गभर पळायला लागली. पोरं तिच्या नावाने हाका मारत होती. अदिबा, मला लाल. अदिबा, मला पण. तोवर कुणी तिला हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ती माझ्यासमोरही आली आणि एक पाकीट माझ्या मांडीवर ठेवून गेली. मी ते उचलून परत खोक्यात टाकू शकले नाही. परातीतलं पीठ तसंच पडून होतं. मालनबाईंनी त्यावर फडकं टाकलं.

त्यानंतर चानकीत कुणाचंच मन राहिलं नाही. पोरं डब्यात पाकिटं आणायला लागली, कारण ज्याच्याकडे पाकीट त्याला हाका मिळतात हे त्यांनी बघितलं होतं. मी आयांना बोलावून समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "काय करणार बाई, घेतल्याशिवाय दुकानापुढून हलत नाहीत." अदिबा चानकी थापायची अजूनही, पण भाजून झाली की शेजारच्या मुलापुढे धरायची आणि त्याच्या पाकिटाकडे बोट दाखवायची. तो आनंदाने अदलाबदल करायचा.

मी शहजादला घरी बोलावलं. तो खाली मान घालून बसला.

"मी हेच विकतो ना बाई. दुकानदारांना सांगतो, घ्या, पोरं उड्या टाकतात. आणि माझ्याच घरी बोलायचं का, की हे वाईट आहे?"

"तुझ्या पोरीपुरतं तरी बोल."

"बोलतो. मग ती रडते. मी दोन-दोन दिवस बाहेर असतो. घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिला रडवू का?"

मी चहा पुढे केला.

तपासणीत रक्त आणखी कमी निघालं. सरकारी दवाखान्यात तिला दाखल केलं. शहजाद त्या दिवशी सुरगाण्याच्या लाइनवर होता, म्हणून शकीलाबरोबर मी गेले. सुई टोचताना अदिबा फारशी रडलीही नाही. तेवढं बळच नव्हतं. लाल पिशवी टांगली गेली, आणि आम्ही दोघी दोन बाजूंना बसून नळीकडे बघत राहिलो.

दुपारी नर्स आल्या. "सकाळपासून काही खाल्लंय का हिने?"

शकीलाने मानेनेच नाही म्हटलं. मी घरून मऊ खिचडी नेली होती. केळं होतं, उकडलेलं अंडं होतं. अदिबा ओठ घट्ट मिटून भिंतीकडे वळली. मी गोष्ट सांगितली, गाणं म्हटलं, घास हवेतून विमानासारखा आणला. एवढ्या पोरांना मी असं जेवू घातलंय. ती डोळे मिटून पडली होती.

"काहीही द्या," नर्स म्हणाल्या, "पण पोटात जाऊ द्या. रिकाम्या पोटी चक्कर येईल तिला."

शकीला माझ्याकडे बघायला लागली.

मी उठले. फाटकाबाहेर टपरीवर पाकिटांच्या माळा लटकत होत्या. "कोणतं देऊ आजी?" टपरीवाल्याने विचारलं. मला माहीत होतं कोणतं. लाल.

वर येऊन मी ते दातांनी फोडलं. वास आला तशी अदिबा वळली. मी एक नळी तिच्या ओठांशी धरली आणि तिने तोंड उघडलं.

"अजून," ती म्हणाली.

मी पाकीट तिच्या जवळ सरकवलं.