साहेबांनी विचारलं म्हणून

मुलांनो, समजा, तुमच्या घरात कापडात गुंडाळलेली एक वही आहे. दीडशे वर्षं जुनी. मोडीत लिहिलेली, म्हणून घरात कोणालाच वाचता येत नाही; पण तिच्यात काय आहे ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ. आता ती वही घेऊन तुम्ही माझ्या दारात उभे आहात, कारण मला मोडी येते.

कतारमधल्या मुऐदरला आमच्या शेजारी राहणारी जिक्रा अशीच आली. वय अकरा, जन्म दोह्याचा, घराणं रत्नागिरीकडचं. दर शुक्रवारी ती आणि तिचा भाऊ आफताब माझ्याकडे मराठी अक्षरं गिरवायला येत. त्या शुक्रवारी तिने ती जुनी वही माझ्या मांडीवर ठेवली.

"आजी, हा आमचा कुर्सीनामा, फॅमिली ट्री. यात लिहिलंय, आम्ही अरब आहोत. प्लीज, इंग्लिशमध्ये करून द्या. व्हिसा ऑफिसला दाखवायचंय."

तिच्या अब्बांची, अम्मारची, नोकरी गेली होती. महिनाअखेरीला घरातल्या चौघांनाही देश सोडायचा होता.

"काउंटरवर खापरपणजोबा दाखवणार ही," आफताब हसला. "त्यांचा टोकन नंबर काय?"

"तू गप! इट्स प्रूफ."

मी चष्मा लावला. बापाखाली मुलगा, त्याच्याखाली त्याचा मुलगा. बाईचं नाव एकही नाही. कुर्सीनाम्यात ते घालतच नाहीत. सगळ्यात वर बसऱ्याचा एक अरब व्यापारी. मी तेवढं वाचताच जिक्राने टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या पानावर मात्र लिहिणाऱ्याने, म्हणजे गावच्या शाळेतल्या तय्यब मास्तरांनी, चार ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या. त्या मनात वाचल्या आणि वही मिटून टाकावी असं वाटलं. पण नाशकात तीस वर्षं मी इतिहास शिकवला होता. मोठ्याने वाचलं:

"जिल्ह्याची हकीकत लिहिणारे साहेबांनी हरएक जमातीस पुसिले, तुमचे मूळ कोठील? आमचे वडिलांस पाच पिढ्यांपलीकडे ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणावे, तर आम्ही कोणीच नव्हे ऐसे होते. सबब त्यावरील नावे मी घातली."

"घातली मीन्स?"

"मनाने रचली, बाळा."

"म्हणजे मास्तर लाइड?"

"इंग्रजांच्या त्या काळी सगळ्यांनाच तो प्रश्न पडला होता. आमच्या जातीतल्या लोकांनीही जुनी दप्तरं उपसून स्वतःला मोठमोठे पूर्वज मिळवून दिले. कोण आहोत हे सांगायचं, तर कुठून आलो ते दाखवावं लागे."

"पण मग आम्ही कुठले?"

मुलांना न्यायला आलेला अम्मार दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"यल्ला बेटा, घरी चल," तो म्हणाला. "खरं असतं तरी चाललं नसतं गं. त्यांना कंपनीचा कागद लागतो." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मी पहिल्यांदा इकडे निघालो ना, तेव्हा दादा, म्हणजे माझे आजोबा, म्हणाले होते, रडतोस काय? आपल्याच घरी चाललास."

आफताबही आता हसत नव्हता.

जिक्राने वही माझ्याकडून ओढून घेतली. खालची, घरच्यांनी नंतर भरलेली नावं देवनागरीत होती. शेवटी अम्मार, त्याच्याखाली आफताब. तिने माझी पेन्सिल उचलली, अब्बांच्या नावापासून एक रेघ काढली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: 'जिक्रा. मूळ दोहा. हे ठाऊक आहे.'

मग वही पुन्हा कापडात गुंडाळली आणि बॅग भरायला निघून गेली.