लेबलावरची तारीख

शैलजाने आयपॅड उघडला तो भाजणीचं प्रमाण बघायला, आणि समोर आला नवऱ्याचा ईमेल. पार्सिपनीतल्या त्या घरात आयपॅड एकच, तो कायम ओट्यावर पडलेला, आणि मोरेश्वरांना उघडलेली गोष्ट बंद करायची सवय नव्हती. मग ते कपाट असो, लोणच्याची बरणी असो नाहीतर ईमेल. फ्लोरिडातल्या एका संग्रहालयाला तो सकाळीच गेलेला होता. शेवटी लिहिलं होतं की सगळी लेबलं माझ्या पत्नीने लिहिलेली आहेत, तिला या विषयाचं शिक्षण नाही, तेव्हा तिच्या हातून अदलाबदल झाली असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

तिने ते वाक्य दोनदा वाचलं आणि गॅस बंद केला.

शैलजा दाबके एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. तिथे काचेच्या पट्टीवर चुकीचं नाव पडलं तर एकीचा कॅन्सर दुसरीच्या नावावर जातो. एकतीस वर्षांत तिच्या हातून एकही पट्टी चुकली नव्हती, आणि रिटायर होताना बॉसने भाषणात तेवढं एकच सांगितलं होतं. तेवढंच तिला पुरलंही होतं. आणि आता हे गृहस्थ, ज्यांना स्वतःचे मोजे जोडीने ठेवता येत नाहीत, ते तिच्या चुकीची शक्यता नाकारत नव्हते.

मोरेश्वर हे रिटायर्ड केमिकल इंजिनियर, पण न्यू जर्सीतली निम्मी मराठी मंडळी त्यांना कवडीकाका म्हणूनच ओळखत. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा कॅरिबियन बेटावर त्यांच्या पायाला एक कवडी लागली आणि तेव्हापासून शैलजाच्या संसाराला कवड्याच लागल्या. लोक डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना ओरलँडोला नेत. दाबक्यांचा परीक्षित बिचारा उन्हात दगड उलटत बसे. कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगाईचं घर, आणि त्या अख्ख्या समुद्रात तिच्या जाती मोजून पाच-सहा. त्या पाच-सहा जातींसाठी तळघरात तीन कपाटं होती. सारीपाट खेळायला मागितल्या असत्या तर त्यातली एक फुटकी कवडीही मिळाली नसती.

“ज्या शिंपल्याचं लेबल अर्धवट, तो शिंपला कवडीमोल,” असं मोरेश्वर प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि स्वतःच हसत. शैलजाने त्या विनोदावर हसणं फार वर्षांपूर्वी सोडलं होतं.

लेबलं मात्र पहिल्यापासून तीच लिहायची, कारण मोरेश्वरांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे. नखाएवढा कागद, बारीक निबाचं पेन, वर जातीचं लॅटिन नाव आणि खाली तारीख: दिवस आकड्यात, महिना रोमन आकड्यात, मग वर्ष. गावाचं नाव त्यावर मावत नसे. त्या दिवशी आपण कुठे होतो ते मोरेश्वर डायरीत लिहीत आणि तारखेवरून जागा लावत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ही सगळी माहिती एक्सेलमध्ये चढवली. तेव्हा शैलजा म्हणाली होती, “मी वाचते, तुम्ही टाइप करा.” त्यावर उत्तर आलं होतं, “काही गरज नाही. तुझं अक्षर मला पाठ आहे.”

आता घर विकून एका मजल्याच्या अपार्टमेंटमध्ये जायचं ठरलं होतं आणि तिथे तळघर नव्हतं. संग्रहालय सगळ्या कवड्या घ्यायला तयार होतं. शैलजाला वाटलं, सुटलो. पण यादी बघून तिथल्या डॉक्टर हॉलिस बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ होती उंदीर-कवडीची. करड्या अंगाची, तपकिरी ठिपक्यांची ही कवडी व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या किनाऱ्याचा एक तुकडा सोडून कुठे सापडत नाही. तिची पिल्लं म्हणे पाण्याबरोबर वाहत जात नाहीत, जन्मतात तिथेच रांगत राहतात. त्यातही पाठीवर दोन टेंगळं असलेली फार दुर्मिळ. मोरेश्वरांच्या यादीत ही दोन टेंगळांची उंदीर-कवडी सापडली होती बार्बाडोसला, म्हणजे तिच्या घरापासून हजार किलोमीटरवर.

हॉलिस बाईंनी सभ्य भाषेत विचारलं होतं की लेबल बदललं गेलंय का, की शिंपला दुकानातून घेतलाय? मूळ लेबलाचा फोटो पाठवाल का? जागेची खात्री नसेल तर बाकीच्या यादीवरही विश्वास ठेवता येणार नाही, आणि मग सगळा संग्रह शाळेच्या मुलांना हाताळायच्या टेबलावर जाईल.

मोरेश्वरांना मात्र त्यात स्वतःचं भाग्य दिसलं होतं. बार्बाडोसची म्हणजे वेगळी उपजात, आणि वेगळी उपजात म्हणजे नवं नाव. ते नाव त्यांनी मनात ठरवूनही टाकलं होतं, आणि ते शैलजाचं नव्हतं.

ती आयपॅड घेऊन हॉलमध्ये गेली. मोरेश्वर मराठी मंडळातल्या शनिवारच्या भाषणाच्या स्लाइड्स करत होते.

“हे काय लिहिलंय?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “अगं, ती सायंटिफिक लँग्वेज आहे. पॉसिबिलिटी मेन्शन करावी लागते.”

“कोणाची पॉसिबिलिटी?”

“तू पर्सनली घेऊ नकोस.”

“तुमची पत्नी म्हणजे मीच ना. मग ते आणखी कसं घ्यायचं असतं?”

“शैला, नीट ऐक. बाई कन्व्हिन्स झाली तर न्यू सबस्पीशीज. नाही झाली, तर फक्त एका लेबलाची मिस्टेक. बाकी कलेक्शन सेफ राहतं.”

“म्हणजे शोध लागला तर तुमचा, आणि नाही लागला तर चूक माझी.”

“असं नाही गं.”

“मग कसं?”

तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनी तो स्पीकरवर घेतला. पलीकडे एडिसनचा चारुदत्त, मंडळाचा सेक्रेटरी.

“काका, फ्लायर फायनल केलंय. ‘कवडीकाकांचा नवा शोध’ असं टायटल टाकलंय, मस्त वाटतंय. शंभर जणांनी ऑलरेडी आरएसव्हीपी केलंय. काकू येणारेत ना?”

“येणार तर,” मोरेश्वर म्हणाले.

“काकूंचं अजून ठरायचंय,” शैलजा म्हणाली आणि एक्सेलची प्रिंट उचलून स्वयंपाकघरात आली.

तिचं डोकं तापलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण लॅबमधली सवय अशी, की कोणी रिपोर्टवर शंका घेतली की आधी पट्टी काढून बघायची आणि मग रागवायचं. तिने प्रिंटवरची ती ओळ शोधली. तारीख एकोणतीस डिसेंबर दोन हजार तीन, जागा बार्बाडोस. तिच्याच वर अठ्ठावीस डिसेंबरच्या चार कवड्या, त्याही बार्बाडोसच्याच.

तिने डोळे मिटून ते बार्बाडोस आठवलं. आधी वीस ते चोवीस व्हेनेझुएलात, पारागुआना नावाच्या एका वाळवंटी टोकाला. पाण्यात शिरून शिरून मोरेश्वरांनी तिथेच कान बिघडवून घेतला होता. सव्वीसला बार्बाडोसला उतरले ते कळवळतच. मग तीस तारखेला परत निघेपर्यंत हा माणूस कानावर गरम टॉवेल धरून हॉटेलच्या खोलीत विव्हळत होता, आणि ती दर तासाला टॉवेल बदलत होती. समुद्र त्यांनी पाहिला तो खिडकीतून. बार्बाडोसला एक कवडी उचललेली नव्हती, पण डायरीत नुसतं जागेचं नाव असे, दुखणं नसे.

मग या पाच कवड्या तिथे चालत गेल्या का?

ती तळघरात उतरली. दुसऱ्या कपाटाचा तिसरा खण ओढला, उंदीर-कवडीची डबी काढली आणि दिव्याखाली लेबल धरलं. अक्षर तिचंच, कोरलेलं. २१-XII-२००३.

तिने भिंग लावून ती तारीख पुन्हा वाचली.

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात मोरेश्वर मंडळाचे अध्यक्ष झाले होते. पहिल्याच भाषणात त्यांनी मराठी अंक वाचवा अशी हाक दिली. आकडे इंग्रजी लिहिणारा माणूस निम्मा परका, असं काहीतरी म्हणून टाळ्याही घेतल्या. घरी येऊन फर्मान सुटलं की यापुढे लेबलंसुद्धा मराठी आकड्यांत. पुण्याहून मराठी आकड्यांचं एक घड्याळही मागवलं, ते अजून स्वयंपाकघरात होतं. शैलजाने त्या एका सहलीत सांगितल्याप्रमाणे केलं. जानेवारीत यांचा उत्साह ओसरला आणि लेबलं मुकाट्याने पुन्हा इंग्रजी आकड्यांवर आली.

तिने खणातल्या त्या सहलीच्या सगळ्या डब्या काढल्या. वीस, बावीस आणि तेवीस तारखेच्या कवड्या यादीत बरोबर पारागुआनालाच होत्या, कारण दोन, तीन आणि शून्य दोन्हीकडे सारखेच दिसतात. मराठी १ मात्र इंग्रजी नवासारखा दिसतो, म्हणून २१ एकोणतीस झाली होती. मराठी ४ इंग्रजी आठासारखा, म्हणून २४ च्या चार कवड्या अठ्ठावीसच्या झाल्या होत्या. तेवढ्याच पाचजणी बार्बाडोसला गेल्या होत्या.

“अहो,” तिने जिन्याखालून हाक मारली. “जरा खाली या.”

ते कुरकुरत आले. तिने भिंग आणि डबी त्यांच्या हातात दिली.

“तारीख वाचा.”

“ट्वेंटी-नाइन. किती वेळा वाचू?”

“मराठीत वाचा.”

“एकोणतीस,” मोरेश्वर म्हणाले.

शैलजाला हसू आलं नाही. “भाषांतर नकोय मला. आकडा मराठी आहे. तुमच्याच हुकमावरून मराठी आहे. वरच्या घड्याळात एक कसा काढलाय?”

“घड्याळातले आकडे कोण वाचतो? काटे बघतो आपण,” असं ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. भिंग पुन्हा लेबलावर नेलं.

“एकवीस,” ते म्हणाले.

मग स्वतःच चोवीसची डबी उचलली, तीही वाचली, आणि खाली ठेवली. एकवीस तारखेला आपण कुठे होतो ते डायरीत बघायची त्यांना गरज नव्हती. उंदीर-कवडी जिथे सापडते तिथेच सापडली होती. बार्बाडोस गेलं, उपजात गेली आणि नावही गेलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की शैलजाला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच, सकाळचा ईमेल अजून तिच्या डोक्यात तसाच होता.

“शनिवारचं काय करू?” त्यांनी विचारलं.

“चारुदत्तला फोन करा. टायटल बदलायला सांगा. आधी त्या बाईंना लिहा.”

दोघं वर आले. तिने लेबलाचा फोटो काढून ठेवला आणि ओट्यावरचा आयपॅड त्यांच्या पुढे सरकवला. ती शेजारी उभी राहिली. मोरेश्वरांनी एका बोटाने टाइप केलं की यादीत एक चूक झालेली आढळली आहे, शिंपला पारागुआनाचा आहे, फोटो जोडला आहे.

“चूक झाली? आपोआप झाली?”

त्यांनी ते पुसलं आणि ‘माझ्याकडून’ घातलं. मग थोडं थांबून, कोणी न सांगता, पुढे लिहिलं की पत्नीने लिहिलेली सर्व लेबलं अचूक आहेत. शैलजाने ते वाचलं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

“पाठवू?”

“वाचताना काय चुकलं ते कुठेय?”

“तारीख मिसरीड केली, असं आहे ना. इनफ आहे.”

“कुठल्या आकड्यांत लिहिलेली तारीख? त्या बाईंना फोटोत एकोणतीसच दिसणार.”

मोरेश्वरांनी घसा साफ केला. “अगं, पण मी मंडळाचा माजी अध्यक्ष. माझी मातृभाषा ती, आणि मलाच आकडा वाचता आला नाही, हे असं राइटिंगमध्ये? फ्लोरिडाला?” ते काकुळतीला आले होते. “तेवढं राहू दे ना, शैला.”

शैलजाने गॅस पेटवला आणि तवा ठेवला.

“लेबल अर्धवट असलं की शिंपला काय होतो?” तिने विचारलं.

त्या विनोदावर मोरेश्वर पहिल्यांदाच हसले नाहीत. त्यांनी आयपॅड जवळ ओढला आणि एकेक अक्षर शोधत ‘मराठी’ टाइप केलं.