तीन पानं दारात उभ्या राहिलेल्या पोरी

भीमपुरात सत्कार असो की निरोप समारंभ, माईक भिवाजींच्या हातात. मंडल कार्यालयातून बाबू म्हणून निवृत्त झाले, पण सूत्रसंचालनातून निवृत्त व्हायचं नाव नाही. शेजारी म्हणून मी नोंद ठेवली आहे: मंचावरच्या एकाही पाहुण्याचं नाव त्यांनी आजवर गाळलेलं नाही आणि एकही कार्यक्रम वेळेवर सुरू केलेला नाही.

त्यांची मुलगी शुभांगी गावातल्याच शाळेत शिकवते आणि एम.एड. करते. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातल्या मुली का गळतात, हा तिच्या शोधनिबंधाचा विषय. प्रस्तावनेला अडली, तेव्हा बाबांनी पेन उघडलं. आठवड्याने ती प्रस्तावना परत आली. मार्गदर्शक सरांनी खाली लिहिलं होतं, 'तुमचा प्रश्न चौथ्या पानावर सापडला. सोमवारपर्यंत अर्ध्या पानात द्या, नाहीतर हैदराबादच्या परिषदेला दुसऱ्याचं नाव पाठवतो.' नोकरीच्या बारा वर्षांत गावाबाहेर चार लोकांसमोर बोलायची शुभांगीला ही पहिलीच संधी.

रविवारी मी नेहमीप्रमाणे चहाला गेलो, तर घरात सुतक पडल्यासारखं.

"वाच बरं, काय लिवलं त," शुभांगीची आई ताराबाई तूर निवडता निवडता म्हणाल्या.

शुभांगी वाचू लागली. मानवी संस्कृतीचा उदय झाला. नालंदा आली, तक्षशिला आली, मग चार शिक्षण आयोग ओळीने आले.

"हे कोन लोक व्हय?" ताराबाईंनी विचारलं.

"पाहुणे," मी म्हणालो. भिवाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की चहा गार झाला.

"अन् पोरी कुठी हायत?"

"चौथ्या पानावर, माय."

"तीन पानं त्यायले दारातच उभं केलं तुमी?"

"एकदम कसं सुरू कराव?" भिवाजी म्हणाले. "स्वागत नाही, काही नाही!"

ताराबाईंनी सूप खाली ठेवलं. "मी पाचवीत होती. दिवाळी झाली अन् मायसंगं वेचनीले गेली. परत आली त माझ्या जागेवर दुसरी पोरगी बसून. कुठी होती म्हून कोनी विचारलं नाही. मी पाटी घेऊन घरी आली. आता यात तुमचं स्वागत कुठी बसवता, सांगा!"

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण ही गोष्ट भिवाजींनीही कधी विचारली नव्हती.

शुभांगीने पिशवीतून हजेरीपट काढला आणि तिथेच लिहायला बसली:

'ऑक्टोबरात माझ्या वर्गात बावीस मुली होत्या, डिसेंबरात तेरा. बाकीच्या नऊ जणी कुठे गेल्या, हे शाळेला माहीत आहे. त्या परत का आल्या नाहीत, हे त्यांना कोणी विचारलेलं नाही. या निबंधात मी ते विचारलं आहे.'

भिवाजींनी कागद दोनदा वाचला. "नालंदा?"

"राहू द्या, बाबा."

"मंग मी काय करू?"

"शेवटी आभार असतात ना."

माणूस लगेच सरळ बसला.

सोमवारी संध्याकाळी सरांचा फोन आला. नाव पाठवलं होतं, शुभांगीचंच.

दुसऱ्या दिवशी भिवाजी आभाराचा मसुदा मला दाखवायला घेऊन आले. दोन पानं तरी असतील म्हणून मी चष्मा पुसून बसलो. कागदावर एकच ओळ होती: 'ताराबाई, इयत्ता पाचवी.'

त्यांनी पहिल्यांदाच पाहुणे गाळले होते, त्यात मीही. नोंद केली आहे. चहाला मात्र अजून तिथेच जातो.