जवाईबापूंच्या दोन डब्या

इंदूताईंनी डबी उचलली, कानाशी नेली आणि नखाने टकटक वाजवून पाहिली. मग तळहातावर ठेवून वजन घेतलं, झाकण फिरवलं, आत डोकावल्या आणि डबी काउंटरवर परत ठेवत म्हणाल्या,

“हलकी आहे. दुसरी दिखाओ भैया.”

“माताजी, ये ब्रेक ऑइल की डिब्बी है. हल्की ही आती है,” गाडीच्या सुट्या भागांचा दुकानदार शालिग्राम म्हणाला.

“हल्की चीज टिकती नहीं. शादी होके आई तब से गोल बाजार से बर्तन ले रही हूँ. मेरे को मत सिखाओ.”

शालिग्रामने भार्गवकडे पाहिलं. भार्गवने छताच्या पंख्याकडे पाहिलं. त्याच्या उजव्या हातात एक कापडी पिशवी होती आणि ती त्याने अशी घट्ट धरली होती की कुणाला वाटावं, आत दागिने आहेत. आत होत्या त्याच्या मोटरसायकलच्या जुन्या दोन डब्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एक ब्रेकची, एक क्लचची. काहीही होवो, त्या सासूबाईंसमोर, म्हणजे इंदूताईंसमोर, उघडायच्या नाहीत, एवढं ठरवूनच तो घरून निघाला होता.

भार्गव मूळचा वर्ध्याचा. इंजिनिअरची नोकरी नव्या रायपुरात, आणि सासर जुन्या रायपुरात, पुरानी बस्तीत. लग्नानंतरचा पहिला दसरा म्हणून तो आणि गंधाली आठवडाभर तिच्या माहेरी राहायला आले होते. आता इंदूताईंचं घर म्हणजे कसं, तर त्या घरात सकाळ उजाडायची ती त्यांच्या आवाजाने. निवृत्त रेल्वेवाले यशवंतराव, म्हणजे त्यांचे यजमान, चष्मा शोधायला लागले की पहिली फैर. गंधालीने ओला टॉवेल पलंगावर टाकला की दुसरी. दूधवाला, कामवाली कलावती, गल्लीतलं कुत्रं, कुणाचीच सुटका नाही. पण तोंड जितकं तिखट, तितकाच हात सढळ. ज्याला शिव्या बसायच्या, त्याच्या ताटात पोळीवर तूपही जास्त पडायचं.

सुटका होती ती एकट्या भार्गवची. त्याच्यासमोर इंदूताईंचा आवाज एकदम मऊ पडायचा. “जवाईबापू, बसा नं.” “जवाईबापू, काही कमी-जास्त?” एकदा त्याच्या हातून त्यांची लोणच्याची बरणी फुटली, तर म्हणाल्या, “असू द्या, जुनीच होती.” पाठ वळल्यावर मात्र बरणी कडेला ठेवली म्हणून यशवंतरावांना पंधरा मिनिटं झापलं. भार्गवला त्या दिवशी फार वाईट वाटलं. बरणीचं नव्हे. त्याच्या वाटणीचं बोलणं दुसऱ्याला मिळालं, याचं. वर्ध्याला त्याची आई फोनवरसुद्धा त्याला सोडत नसे, आणि इथे तो कितीही दिवस राहिला तरी पाहुणाच. “तुझ्या आईने मला एकदा तरी झापावं गं,” असं त्याने गंधालीला बोलून दाखवलं, तेव्हा ती पोट धरून हसली होती.

आणि मग आली खंडेनवमी. घरातली कात्री, विळी, शिलाई मशीन, यशवंतरावांचे पाने-पक्कड, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. अंगणात उभ्या असलेल्या भार्गवच्या मोटरसायकलकडे इंदूताई एरवी तिरक्या नजरेनेच पाहत. त्यांच्या मते ते वाहन नव्हे, संकट होतं. पण सण तो सण. त्यांनी तिलाही झेंडूचा हार घातला, टाकीवर स्वस्तिक काढलं, आणि हँडलवर कुंकवाचं बोट टेकवताना त्यांचं लक्ष गेलं ते दोन डब्यांकडे. उजवीकडे एक, डावीकडे एक, बाहेरून आतलं दिसेल अशा. आणि दोन्हींत तेल निम्म्यावर! सणाच्या दिवशी, पूजेच्या वस्तूत, अर्धी भांडी? छे! इंदूताईंनी झाकणं फिरवून काढली, आतली रबरी टोपणं बाजूला ठेवली आणि देवघरातून समईच्या तेलाची बाटली आणून दोन्ही डब्या काठोकाठ भरल्या. तिळाचं तेल, घरचा कापूर कुस्करून घातलेलं. झाकणं होती तशी लावली आणि हात जोडले.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी भार्गवने गाडी काढली, तर क्लच अर्ध्यातच बसला, आणि गल्लीच्या तोंडाशी दाबलेला ब्रेक सोडला तरी सुटेना. चाक जागच्या जागी अडलं. ढकलत गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने उघडून दाखवलं: आतली सगळी रबरं फुगून बसली होती. ब्रेकचं ऑइल वेगळं असतं, त्यात दुसरं कुठलंही तेल चालत नाही. “अंदर का सब बदलूँगा,” तो म्हणाला, “डिब्बी भी नई ले आओ. इसका भरोसा नहीं.”

घरी येऊन भार्गव एवढंच बोलला, “डब्या तडकल्या.”

“बाप्पा!” इंदूताई म्हणाल्या. “अन् मी तं परवाच काठोकाठ भरल्या होत्या! म्हटलं, जवाईबापूंची गाडी, काही कमी राहू नये.”

हे म्हणताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की भार्गव हात धुवायला मोरीकडे वळला. आता बोला! या बाईने पहिल्यांदाच त्याच्या गाडीला आपलं मानलं, आणि त्याने सांगायचं की सासूबाई, तुम्हीच गाडी बसवलीत? सांगितलं तर त्या पुन्हा गाडीच्याच काय, त्याच्याही जवळ फिरकणार नाहीत. आणि न सांगावं, तर पुढच्या सणाला पुन्हा समईची बाटली हजर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“सांगून टाक,” रात्री हसू आवरल्यावर गंधाली म्हणाली. “नाही तर मी सांगते.”

“शपथ आहे तुला. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

पण मूठ झाकून राहिली तर ना! इंदूताईंनी सकाळीच जाहीर केलं की जावयाच्या पहिल्या दसऱ्याचा आहेर म्हणून त्या डब्या सासरकडून, आणि निवडायला त्या स्वतः येणार. तर ही सगळी हकीकत, म्हणून भार्गव पिशवी आवळून पंख्याकडे पाहत होता.

काउंटरवर आतापर्यंत डझनभर डब्या मांडून झाल्या होत्या. काळ्या, धुरकट, लाल झाकणाच्या, एक तर चक्क सोनेरी. इंदूताईंनी एक मोठी आणि एक लहान अशा दोन पांढऱ्या, आतलं दिसणाऱ्या डब्या जवळजवळ ठेवल्या.

“हे काय? एक थोर, एक लहान? सवतीचे लेकरं हायेत का? आहेर देताना जोडी सारखी पाहिजे.”

“माताजी, ब्रेक को ज्यादा ऑइल लगता है, क्लच को कम,” शालिग्राम म्हणाला. “कंपनी से ही छोटी-बड़ी आती है.”

इंदूताईंनी क्षणभर विचार केला. “हव,” त्या म्हणाल्या. “खाणाऱ्याच्या भुकेप्रमाणं ताट. ठीक आहे.” मग भार्गवकडे वळल्या. “पण जवाईबापू, झाकण असं फिरकीचंच घ्या. हातानं पटकन उघडते. मलेही सणासुदीले भरता येईन.”

भार्गवने टोकाची काळी डबी बोटाने दाखवली.

“आई, ती काळी बघा ना,” तो घाईने म्हणाला. “धातूची आहे. वजनदार. तुम्हाला वजनदार हवी होती ना?”

“आतलं दिसत नाही तिच्यात. तेल कमी झालं तर समजन कसं? नको.”

“मग ही सोनेरी?”

“लग्नातल्या अत्तरदाणीवाणी आहे. काहून, तुमाले हे पांढरी आवडत नाही का?”

“आवडते. फार आवडते.”

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. भार्गव आपल्याच तोंडाने खड्ड्यात उतरत होता. शालिग्रामने पांढऱ्या डब्यांची मोठी-लहान जोडी पुढे सरकवली आणि विचारलं, “भैया, पुरानी वाली लाए हो न? नली का नाप मिला लेते हैं. बाद में फिट नहीं हुई तो फिर आना पड़ेगा.”

“मोबाइलमध्ये फोटो आहे,” भार्गव म्हणाला. “फोटो से हो जाएगा.”

“फोटो से नाप कैसे होगा?”

“पिशवीत हायेत नं,” इंदूताई म्हणाल्या. “द्या इकडं. तुमचा हात कुठं तेलकट करता, चांगलं शर्ट घालून आले.”

आणि जावयाच्या हातातून पिशवी ओढायची नसते, हा नियम खुद्द त्यांनीच पाळायला हवा होता. पण त्यांनी ती ओढली. वर्तमानपत्र उलगडलं. जुन्या डबीचं झाकण काढून शालिग्रामकडे द्यायला म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला.

त्यांनी डबी नाकाजवळ नेली. एकदा. मग पुन्हा. कडेने बोट फिरवलं; तडा कुठेच नव्हता, आणि बोट चोळलं तर कापराचा वास. आतून फुगून वेडंवाकडं झालेलं रबरी टोपण बाहेर काढलं, उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं. शालिग्राम दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. इंदूताईंनी बोट पदराला पुसलं आणि डबी शालिग्रामपुढे ठेवली.

“भैया,” त्या म्हणाल्या, “इसमें कौन सा तेल डालते हैं?”

“इसका अलग आता है माताजी. दूसरा डालोगे तो रबर खराब. ब्रेक पकड़ लेगा, या लगेगा ही नहीं.”

“लगेगा ही नहीं?”

“भरोसा नहीं न फिर.”

इंदूताईंनी मान हलवली. पांढरी जोडी हळूच मागे सारली आणि काउंटरवरच्या बाकी डब्या एकेक करून पुन्हा पाहायला लागल्या. या खेपेला वाजवून नाही पाहिल्या. शेवटी एक जोडी वेगळी काढली. अंग काचेसारखं आरपार, आणि झाकण बारीक स्क्रूंनी आवळलेलं. त्यांनी झाकणावर अंगठा रोवून जोर लावला. ते हललं नाही. पदराने धरून पुन्हा जोर लावला. नाही.

“हे द्या,” त्या म्हणाल्या. “आतलं दिसते. अन् उघडायले पेचकस लागते.”

भार्गव काही बोलणार होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. शालिग्रामने माप जुळवलं, डब्या बांधून दिल्या. इंदूताईंनी पैसे दिले, पुडकं छातीशी धरलं आणि पायऱ्या उतरून गोल बाजाराच्या दिशेने तरातरा चालू लागल्या. भार्गव मागे. भांड्यांच्या दुकानांपाशी, पितळी घागरींच्या रांगेसमोर, त्या गर्रकन वळल्या.

“काय रे पोट्ट्या!”

भार्गवने नकळत मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का.

“तुलेच म्हणून राहिली! तोंड नाही का तुले? देवानं तोंड काय फक्त जिलबी खायले देलं? मी गाडीत दिव्याचं तेल ओतून आली, अन् हा डब्या तडकल्या म्हणते! तडकल्या! मले बेअक्कल समजला का रे?”

“नाही आई, मी फक्त...”

“मधात बोलू नको! गल्लीच्या तोंडाशी अडली म्हणून बरं. रिंग रोडवर असता तर? मागं गंधाली असती तर? माह्या हातानं माह्याच दोन्ही लेकरांले...” डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी रागानेच पुसलं. “दोन्ही लेकरं! अन् हा भीड धरून बसला! मोठा इंजिनेर! भार्ग्या, उद्यापासून घरात काही लपवलं नं माह्यापासून, तर उपाशी ठेवीन, सांगून ठेवते!”

घागरीवाला हातातलं फडकं थांबवून ऐकत होता. दोन बाया पिशव्या खाली ठेवून उभ्या राहिल्या होत्या. भार्गव मान खाली घालून उभा होता आणि गाल आतून चावत होता, कारण या क्षणी हसला असता तर आणखी पंधरा मिनिटं पक्की होती. खरं तर त्यालाही ती हवीच होती.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. गंधाली होती.

“उचल,” इंदूताई म्हणाल्या. “सांग तिले, मले सगळं समजलं. तिचंही पाहतेच मी घरी येऊन.” आणि त्या घागरींकडे वळून नाक शिंकरू लागल्या.

भार्गवने फोन कानाला लावला.

“झाल्या का घेऊन?” गंधालीने विचारलं. “आणि मागे कोण ओरडतंय एवढं?”

“तुझी आई.”

“कुणावर?”

भार्गवचं हसू या कानापासून त्या कानापर्यंत पसरलं.

“माझ्यावर,” तो म्हणाला.